दोन अक्षरे वेगळी असली म्हणजे ट्रेडमार्कचे उल्लंघन टळते का?

आपल्या प्रश्नाचा सारांश मी असा समजतो. आपण आणि आपले भागीदार घरगुती सफाईची द्रव्ये बाजारात आणत आहात. नाव ठरले, त्याच नावाने कंपनी नोंदली गेली, डोमेनही मिळाले. लेबले छापायला देण्याच्या सुमारास लक्षात आले की कपडे धुण्याच्या साबणाच्या व्यवसायात असलेल्या एका जुन्या उत्पादकाचे नोंदणीकृत नाव आपल्या नावाशी बरेच जुळते. आपल्या नावात दोन अक्षरे निराळी आहेत, लोगोचा रंग आणि अक्षरांचे वळणही निराळे आहे. तरीही ते उल्लंघन ठरेल का आणि नोटीस आलीच तर काय करावे, असे आपण विचारले आहे. दोन्ही नावे आपण उघड लिहिली नाहीत हे योग्यच केले. मात्र त्यामुळे मला आपल्या नावाविषयी निकाल देता येणार नाही. निकाल कोणत्या गोष्टींवर ठरतो आणि माझ्याकडे असे प्रकरण आले तर मी कोणत्या क्रमाने विचार करतो, एवढे सांगता येईल.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. कंपनीचे नाव मंजूर होणे आणि ट्रेडमार्कचा हक्क मिळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. कंपनी निबंधकाने नाव दिले म्हणजे ते नाव मालावर वापरण्याची कायदेशीर मुभा मिळाली, असे होत नाही. उलट ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट, 1999 च्या कलम 29(5) नुसार दुसऱ्याचे नोंदणीकृत चिन्ह आपल्या व्यवसायाचे नाव म्हणून वापरणे आणि नोंदणी ज्या मालासाठी आहे त्याच मालाचा व्यवहार करणे, हेच उल्लंघन ठरते. शिवाय कंपनी कायदा, 2013 च्या कलम 16 प्रमाणे ट्रेडमार्कचा मालक कंपनीच्या स्थापनेपासून 3 वर्षांच्या आत तिचे नाव बदलण्याची मागणी करू शकतो. डोमेनचेही तसेच आहे. ते उपलब्ध होते याचा अर्थ ते आधी कोणी घेतले नव्हते, एवढाच होतो. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या 2004 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावांनाही पासिंग ऑफचे, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा आहे असे भासवून विकू नये हे, तत्त्व लागू केले आहे.

आता मूळ मुद्दा. दोन अक्षरे वेगळी आहेत, हे आपण दोन्ही नावे कागदावर शेजारी शेजारी ठेवून मोजले आहे. ग्राहक असे कधीच करत नाही. त्याने एक वस्तू काही आठवड्यांपूर्वी घेतलेली असते, तिचे नाव त्याला अर्धवट आठवत असते, आणि त्या अर्धवट आठवणीच्या बळावर तो दुसरी वस्तू उचलतो. न्यायालय त्या ग्राहकाच्या जागी बसून विचार करते. अमृतधारा फार्मसी विरुद्ध सत्यदेव गुप्ता या 1963 च्या निकालात ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या नावांचा वाद होता. पूर्वार्ध पूर्ण वेगळा असूनही सर्वोच्च न्यायालयाने साम्य फसवे ठरवले, कारण सामान्य बुद्धीचा आणि अपुऱ्या स्मरणाचा ग्राहक शब्दाचे तुकडे पाडून त्यांच्या व्युत्पत्तीत शिरत नाही. एकूण ठसा, एकूण उच्चार आणि वस्तूचे स्वरूप यांवरून तो चालतो. त्या प्रकरणात लक्ष्मणधारेला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी अखेर मिळाली, परंतु ती नाव वेगळे होते म्हणून नव्हे, तर तिचा वापर प्रामाणिक होता आणि दुसऱ्या बाजूने तो दीर्घकाळ चालू दिला होता म्हणून. आपला माल अजून बाजारात आलेलाच नाही, तेव्हा हा आधार आपल्याला नाही.

लोगो आणि वेष्टण निराळे असल्याचा बचाव पुष्कळ लोक पुढे करतात, म्हणून त्यावर थोडे थांबतो. पार्ले प्रॉडक्ट्स विरुद्ध जे. पी. अँड कंपनी, म्हैसूर (1972) या प्रकरणात बिस्किटांच्या दोन वेष्टणांची तुलना झाली. चित्रे तंतोतंत एक नव्हती. परंतु दोन्हींवर एक हात वर केलेली आणि दुसऱ्या हातात काहीतरी धरलेली मुलगी, तिच्याजवळ गाय किंवा गायी, पुढच्या बाजूला कोंबड्या आणि मागे कुंपण असलेले शेतघर अशी रचना होती. आकार आणि रंगसंगतीही जवळजवळ सारखी होती. फरकांची यादी करू गेले तर ती लांबली असती, पण न्यायालयाने मुख्य वैशिष्ट्ये पाहिली आणि एकाच्या जागी दुसरे सहज घेतले जाईल असे म्हटले. याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. वेष्टण वेगळे असण्याचा उपयोग पासिंग ऑफच्या दाव्यात होतो. नोंदणीकृत शब्दचिन्हाच्या उल्लंघनाच्या दाव्यात तो फारसा होत नाही, कारण चिन्हाचे मूळ वैशिष्ट्य उचलले गेले असेल तर सजावटीतील, वेष्टणातील किंवा उत्पादकाच्या नावातील फरकाने सुटका होत नाही, हे कविराज पंडित दुर्गा दत्त शर्मा विरुद्ध नवरत्न फार्मास्युटिकल या 1965 च्या निकालाने स्पष्ट केले आहे. म्हणून समोरच्याची नोंदणी निव्वळ शब्दाची आहे की लोगोसह, हे आधी पाहा. शब्दाची असेल तर आपला निळा रंग आणि त्यांचा हिरवा रंग ही चर्चा मी तरी तिथेच थांबवीन.

प्रत्येक जवळचा उच्चार फसवाच ठरतो असेही नाही. ‘प्रोटोव्हिट’ आणि ‘ड्रोपोव्हिट’ यांच्या वादात (हॉफमन-ला रोश, 1970) समान असलेला ‘व्हिट’ हा शेवट त्या मालात अनेकांच्या वापरातला होता, म्हणून न्यायालयाने पहिल्या भागातील फरकाला वजन दिले आणि साम्य नाकारले. आपल्या आणि त्यांच्या नावांत जे समान आहे ते काय आहे, हा प्रश्न येथून निघतो. समान भाग सफाई, चमक, सुगंध असे काही सांगणारा आणि त्या व्यवसायात सर्रास वापरला जाणारा असेल तर आपली बाजू बरीच बरी आहे. समान भाग त्यांनी बनवलेला, कोशात नसलेला शब्द असेल, तर दोन अक्षरांच्या फरकावर भिस्त ठेवू नये.

दुसरा प्रश्न मालाचा. ते साबण विकतात आणि आपण फरशीचे द्रव्य विकणार, म्हणून माल वेगळा, असे आपण सुचवले आहे. नोंदणीसाठी माल आणि सेवा 45 वर्गांत विभागल्या आहेत, त्यांपैकी 1 ते 34 मालाचे आणि 35 ते 45 सेवांचे. कपडे धुण्याची द्रव्ये, साबण आणि सफाईची द्रव्ये हे सारे वर्ग 3 मध्येच येते. वर्ग एक असणे निर्णायक नसते. नंदिनी डीलक्स विरुद्ध कर्नाटक को-ऑपरेटिव्ह मिल्क प्रोड्यूसर्स (2018) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोंदणी घेतल्याने संपूर्ण वर्गावर मक्तेदारी मिळत नाही. परंतु आपल्या बाबतीत वर्गाच्या पलीकडेही साम्य आहे. दोन्ही वस्तू घरात सफाईसाठी लागतात, एकाच फळीवर मांडल्या जातात आणि एकच व्यक्ती त्या एकाच यादीतून घेते. साबण बनवणाऱ्याने उद्या फरशीचे द्रव्य काढले तर कोणालाही नवल वाटणार नाही. तेव्हा आपली बाटली पाहून ‘हे त्यांचेच नवे उत्पादन दिसते’ असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे, आणि कलम 29(2) मध्ये संबंध असल्याचा असा समज होण्याची शक्यताही गोंधळातच धरली आहे. चिन्ह हुबेहूब तेच आणि मालही तोच असेल, तर गोंधळ होतो असे न्यायालय गृहीतच धरते.

समोरचे नाव देशभर ख्यातनाम असेल तर मालाचा मुद्दा आणखी मागे पडतो. कलम 29(4) खाली पूर्ण वेगळ्या मालावरही असे नाव वापरता येत नाही, जर त्या वापराने त्याच्या लौकिकाचा गैरवाजवी फायदा घेतला जात असेल किंवा त्याला बाधा येत असेल. हे कलम अमलात येण्याच्या आधीच, 1994 मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने मोटारींसाठी प्रसिद्ध असलेले ‘बेन्झ’ हे नाव अंतर्वस्त्रांवर वापरण्यास मनाई केली होती.

तिसरा आणि अनेकदा विसरला जाणारा प्रश्न म्हणजे आधी वापर कोणाचा. भारतात नोंदणीपेक्षा आधीचा वापर श्रेष्ठ धरला जातो. कलम 34 प्रमाणे नोंदणीदाराचा वापर आणि त्याची नोंदणी या दोहोंपैकी जे आधीचे असेल त्याच्याही आधीपासून कोणी ते नाव सतत वापरत असेल, तर नोंदणीदार त्याला रोखू शकत नाही. 2016 च्या एस. सय्यद मोहिदीन विरुद्ध पी. सुलोचना बाई या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा मांडले. याचे दोन परिणाम होतात. आपण नवे असल्यामुळे या तत्त्वाचा फायदा आपल्याला मिळणार नाही. आणि नोंदवहीत एखादे नाव सापडले नाही म्हणजे ते मोकळे आहे असेही धरता येणार नाही, कारण नोंदणी न केलेला परंतु बाजारात नाव कमावलेला व्यापारीही पासिंग ऑफचा दावा लावू शकतो आणि कलम 27(2) ने तो हक्क राखून ठेवला आहे.

म्हणूनच शोध कसा घ्यावा याविषयी जरा तपशिलाने लिहितो, कारण माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत बहुधा शोध घेतलेला असतो, परंतु तो केवळ हुबेहूब नावाचा असतो. ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध विनामूल्य आहे. तेथे शब्दाने, उच्चारसाम्याने आणि चित्रांच्या सांकेतिक क्रमांकाने असा तिन्ही प्रकारे शोध घेता येतो. समजा आपल्या मनात ‘झळविन’ असे काल्पनिक नाव आहे. नोंदवहीत ते बहुधा रोमन लिपीत सापडेल. तेव्हा ‘झ’ कोणी ‘झेड’ने लिहिला असेल तर कोणी ‘जे’ आणि ‘एच’ने, ‘व’ दोन प्रकारे, शेवटचा इकार एका किंवा दोन अक्षरांनी. ही सारी रूपे एकेक करून तपासावी लागतात. त्यानंतर नुसता ‘झळ’ने सुरू होणारी आणि नुसती ‘विन’ असलेली नावे पाहावीत. नाव मोठ्याने उच्चारावे, फोनवरून दुसऱ्याला सांगून त्याने काय लिहिले ते पाहावे. तो जे लिहील त्याचाही शोध घ्यावा. हा शेवटचा उपाय साधा दिसतो, परंतु धोक्याची नावे यातूनच सर्वांत जास्त सापडतात, असा माझा अनुभव आहे.

वर्गाच्या बाबतीतही एका वर्गावर थांबू नये. आपल्या मालासाठी वर्ग 3 तर पाहावाच, पण जंतुनाशकांसाठी वर्ग 5, ब्रश आणि सफाईच्या साधनांसाठी वर्ग 21, विक्री सेवेसाठी वर्ग 35 आणि सफाई सेवेसाठी वर्ग 37 हेही पाहावेत. सापडलेल्या नोंदीपुढे काय शेरा आहे तो वाचावा, परंतु त्याचा अर्थ लावताना घाई करू नये. अर्ज सोडून दिला असा शेरा असला तरी अर्जदार बाजारात ते नाव वापरत असू शकतो. नोंदणी 10 वर्षांची असते. नूतनीकरण न झाल्याने काढून टाकलेली नोंद पुढे काही काळ पूर्ववत होऊ शकते आणि त्या काळात इतरांच्या अर्जाला आडवीही येते. यानंतर बाजारातला शोध घ्यावा: ऑनलाइन विक्रीची संकेतस्थळे, समाजमाध्यमांवरील खाती, कंपन्यांची नावे, वितरकांकडे चौकशी. शेवटी जे मिळाले ते सारे तारखेसह जतन करून ठेवावे. नाव कसे सुचले, का निवडले, काय तपासले याची नोंद पुढे वाद झालाच तर प्रामाणिक हेतू दाखवण्यास उपयोगी पडते.

हेतूविषयी मात्र गैरसमज नसावा. नोंदणीकृत चिन्हाच्या उल्लंघनात हेतू सिद्ध करावा लागत नाही. अजाणतेपणी झालेले उल्लंघनही उल्लंघनच असते. हेतूचा परिणाम मुख्यतः कोणता आदेश होईल यावर होतो. कलम 135(3) नुसार, चिन्ह नोंदणीकृत असल्याचे आपल्याला ठाऊक नव्हते, तसे समजण्यास वाजवी कारणही नव्हते आणि कळताच वापर थांबवला, असे प्रतिवादीने दाखवले तर त्याच्याकडून नाममात्र रकमेहून अधिक नुकसानभरपाई किंवा नफ्याचा हिशेब मागता येत नाही. आपल्याला आता ते ठाऊक झाले आहे. म्हणजे आपण याच नावाने पुढे गेलात तर हे संरक्षण आपल्याला उरणार नाही, आणि मिडास हायजीन विरुद्ध सुधीर भाटिया (2004) प्रमाणे नाव घेण्यातच अप्रामाणिकपणा दिसला, तर मालकाने दावा करण्यास उशीर केला एवढ्यावरून मनाई हुकूम टळत नाही. प्रश्न विचारून आपण शहाणपणा केलात, पण त्याबरोबर जबाबदारीही वाढली आहे.

या अवस्थेत बहुतेक जण एखादी मात्रा बदलतात, आणखी एक अक्षर घालतात, पुढे ‘न्यू’ किंवा ‘सुपर’ जोडतात. मी तसा सल्ला देत नाही. आधीचे नाव माहीत असून त्याच्या भोवती घिरट्या घातल्याचाच तो पुरावा ठरतो. नाव सोडायचे असेल तर मूळ कल्पनाच बदलावी, आणि येथे एका मोहापासून सावध राहावे: उल्लंघनाच्या भीतीने लोक ‘स्वच्छ’, ‘चकचकीत’ अशा वर्णनात्मक शब्दांकडे वळतात. असे नाव कलम 9 खाली नोंदणीस अडते आणि मिळाले तरी दुबळे राहते, कारण त्या शब्दाचा प्रामाणिक वर्णनात्मक वापर कलम 30 इतरांनाही करू देते. जे नाव इतरांना वापरावेसे वाटणार नाही पण लोकांच्या तोंडी बसेल, तेच दोन्ही बाजूंनी सुरक्षित असते. स्वतःच्या आडनावाचा आधारही वाटतो तितका भक्कम नाही. कलम 35 प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरणाऱ्याला संरक्षण देते खरे, पण महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्स विरुद्ध महिंद्रा अँड महिंद्रा (2002) या वादात नावाचा खुलासा देऊनही मनाई हुकूम कायम राहिला.

नवे नाव ठरले की माल बाजारात येण्याची वाट न पाहता अर्ज करावा. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांच्यासाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गामागे 4,500 रुपये आहे, इतरांसाठी 9,000 रुपये. पुढे नोंदणी मिळाली की ती अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाल्यावर 4 महिने हरकतीची मुदत असते. तोवर नावापुढे ‘टीएम’ लिहिता येते; वर्तुळातले ‘आर’ नोंदणी होण्यापूर्वी लावणे बेकायदेशीर आहे. जाहिरातीबद्दल एकच सूचना करतो: इंटरनेटवर प्रतिस्पर्ध्याचे नाव कीवर्ड म्हणून विकत घेणे, म्हणजे कोणी ते नाव शोधले की आपली जाहिरात दिसावी अशी सोय करणे, हा 2023 च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या गूगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स या निकालाप्रमाणे चिन्हाचा वापरच ठरतो. तो प्रत्येक वेळी उल्लंघन नसला तरी गोंधळ निर्माण करणारी जाहिरात त्याखाली सापडते.

आता नोटिशीचा प्रश्न. नोटीस आली म्हणजे दावा लागला असे नाही, आणि नोटिशीत लिहिलेले सारे खरेच असते असेही नाही. मी प्रथम समोरच्याची नोंद काढतो: ती चालू आहे का, कोणत्या मालासाठी आहे, शब्दाची आहे की लोगोची, एखाद्या भागावर हक्क सांगणार नाही अशी अट आहे का, वापराची कोणती तारीख दिली आहे. लोगोतील एखादा भाग स्वतंत्रपणे नोंदवलेला नसेल तर कलम 17 प्रमाणे केवळ त्या भागावर सहसा अनन्य हक्क सांगता येत नाही. 5 वर्षांहून अधिक काळ त्या मालासाठी नाव वापरलेच नसेल तर कलम 47 खाली नोंद रद्द करण्याचा मार्ग आहे. धमकी निराधार असेल तर कलम 142 खाली आपल्यालाही न्यायालयात जाता येते, फक्त नोंदणीदाराने वेळेत स्वतःच दावा दाखल केला तर हा उपाय गळून पडतो.

उत्तर मुदतीत द्यावे, थोडक्यात द्यावे आणि त्यात रागाने किंवा घाबरून काही कबूल करू नये. ‘आम्ही तुमच्या नावावरूनच प्रेरणा घेतली’ अशा अर्थाचे एक वाक्य पुढे सारी बाजू पाडू शकते. कलम 134 मुळे मालक सामान्यतः स्वतःच्या कामकाजाच्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात दावा लावू शकतो, त्यामुळे आपल्याला दूर जावे लागू शकते. आपल्याला न ऐकता एकतर्फी मनाई हुकूम होऊ नये म्हणून त्या न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे आधी आपले म्हणणे ऐकावे असा आगाऊ अर्ज, दाखल करावे. त्याची मुदत 90 दिवसांची असते.

आपली बाजू दुबळी दिसली तर तडजोड लवकर करावी. माल विकला जाऊ लागल्यावर मागितलेली सवलत महाग पडते. त्याआधी बहुतेक मालक नाव सोडण्याच्या लेखी हमीवर समाधान मानतात. त्या करारात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: तयार लेबले आणि माल संपवण्याची मुदत, कंपनीचे नाव आणि डोमेन यांचे काय करायचे, मागील काळासाठी भरपाई मागणार नाही याची नोंद, आणि आपल्या नव्या नावाला त्यांची हरकत नसल्याचे त्या नावासह स्पष्ट लिहिलेले वाक्य. चौथे वाक्य लोक विसरतात, आणि सहा महिन्यांनी नव्या नावावर त्याच पत्त्यावरून दुसरी नोटीस येते.